वॉर्ड कुठल्या खेळात टाकायचा? डोटा २, लीग ऑफ लेजंड्स आणि फोनवरचं पोकेमॉन युनाइट

माझा मामेभाऊ दोन वर्षं फोनवर पोकेमॉन युनाइट खेळतोय. यंदा त्याच्या हातात लॅपटॉप आला आणि त्याने विचारलं, "दादा, डोटा टाकू की लीग? मला सपोर्टच खेळायचंय." डोटा २ आणि लीग ऑफ लेजंड्स हे संगणकावरचे दोन्ही खेळ फुकट आहेत. दोन्हींत पाच विरुद्ध पाच, तीन लेन (तळापासून तळापर्यंतच्या वाटा), मधे जंगल आणि शेवटी समोरच्याचा तळ फोडायचा. बाहेरून बघणाऱ्याला फरक पात्रांचा वाटतो. सपोर्ट, म्हणजे साथीदारांना सांभाळणारी भूमिका, खेळणाऱ्याला मात्र सगळ्यात जास्त जाणवतो तो अंधारातला फरक. नकाशाचा कुठला भाग का दिसत नाही, तो उजळायला कोण पैसे आणि वेळ देतं, आणि तो उजेड किती टिकतो, याची उत्तरं दोन्हीकडे अगदी वेगळी आहेत. हा उजेड देणारा दिवा म्हणजे वॉर्ड: नकाशावर ठेवायचा, आणि तो आसपासचं दाखवतो.

मी हॉस्टेलवर लॅनवरचा जुना डोटा खेळत मोठा झालो, नंतर बरीच वर्षं लीगमध्ये सपोर्ट म्हणून घालवली, आणि आता दोन्ही खेळतो. तुम्हीही याच दोघांत अडकला असाल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून या एकाच अंगाने बघू. खालचे आकडे पॅचगणिक (खेळाच्या अपडेटगणिक) थोडे इकडेतिकडे होतात, मूळ रचना मात्र बरीच वर्षं तीच आहे.

अंधार कशाने पडतो

डोटा २ मध्ये अंधाराची तीन कारणं: उंची, झाडं आणि रात्र. गडावरच्या पहारेकऱ्याला खालून येणारा माणूस दिसतो, खालच्याला बुरुजाआडचं काही दिसत नाही. डोटातलं टेकाड तसंच चालतं. नकाशाच्या मधून वाहणाऱ्या नदीत उभं राहून वर काय दबा धरून बसलंय ते कळत नाही. झाडं नजर अडवतात, पण ती तोडता येतात, क्वेलिंग ब्लेड या हत्याराने किंवा टँगो या वस्तूने झाड खाऊन. तोडलेलं झाड पाच मिनिटांनी परत उगवतं. म्हणजे तुम्ही स्वतः नजरेसाठी एक फट पाडू शकता, आणि समोरचाही.

तिसरं कारण घड्याळ. डोटात पाच मिनिटं दिवस, पाच मिनिटं रात्र, असं चक्र सामनाभर चालतं. बहुतेक हिरोंना (खेळाडू चालवतात त्या पात्रांना) दिवसा १८०० एककांपर्यंत दिसतं, रात्री फक्त ८००. अर्ध्याहून कमी! सामन्याचं पाचवं मिनिट संपलं की तोच नकाशा, तीच लेन, पण तुम्ही जवळजवळ आंधळी कोशिंबीर खेळायला लागता. नाइट स्टॉकरसारखा हिरो याच वेळेची वाट बघत असतो.

लीग ऑफ लेजंड्समध्ये दिवसरात्र नाही आणि उंचीचा हिशेबही नाही. तिथे अंधार दोन गोष्टींमुळे पडतो: भिंती आणि झुडपं. झुडपात शिरलेला माणूस बाहेरच्याला दिसत नाही, त्याला बाहेरचं सगळं दिसतं. पुढे ड्रॅगनच्या (मारणाऱ्या टीमला बळ देणाऱ्या राक्षसाच्या) प्रकारानुसार काही झुडपं आणि भिंती बदलतात, पण बाकी नकाशा जसा आहे तसाच राहतो. महिनाभर रोज खेळलात तर कुठल्या वळणावर कुठून माणूस येऊ शकतो हे अंगवळणी पडतं. डोटात तेवढ्याच वेळात तुम्ही फक्त दिवसाचा नकाशा शिकलेले असता.

युनाइटमध्ये उंच गवत आहे, आणि विकत घेऊन ठेवायचा वॉर्ड असा नाहीच. जिथे तुमचा माणूस, तिथेच तुमचा डोळा.

उजेडाचे पैसे कोण भरतं

लीगमध्ये प्रत्येक खेळाडूच्या खिशात एक ट्रिंकेट असतं आणि ते फुकट असतं. पिवळ्या ट्रिंकेटमध्ये दोन वॉर्ड साठतात. टाकलेला वॉर्ड पातळीप्रमाणे ९० ते १२० सेकंद टिकतो, आणि एका खेळाडूचे तीनच वॉर्ड एका वेळी नकाशावर राहू शकतात. शिवाय ७५ गोल्डला कंट्रोल वॉर्ड मिळतो. तो कोणी फोडेपर्यंत टिकतो आणि आसपासचे शत्रूचे वॉर्ड उघडे पाडून निकामी करतो, पण स्वतः शत्रूला दिसतो, आणि नकाशावर प्रत्येकाचा एकच राहतो. सपोर्टची खास वस्तू जास्तीचे वॉर्ड देते, त्यामुळे मोठा वाटा सपोर्टचा. तरीही जंगलर (जंगलात फिरणारा) आणि मिडने (मधल्या लेनवाल्याने) आपापले दिवे लावले नाहीत तर एकटा सपोर्ट दोन मिनिटांच्या वॉर्डवर अख्खी नदी उजळू शकत नाही. लीगमधली टेहळणी रोजच्या केर-वाऱ्यासारखी आहे. सगळ्यांनी हात लावायचा, आणि दोन मिनिटांनी पुन्हा.

डोटाचा ऑब्झर्व्हर वॉर्डही आता फुकट आहे, पण तो टीमच्या सामाईक साठ्यातून येतो आणि साठा हळूहळू भरतो. टिकतो सहा मिनिटं, दिसतो कोणालाच नाही, आणि १६०० एककांपर्यंत बघतो. साधारणपणे दोन सपोर्टच हे काम करतात. कॅरी (पुढे सामना जिंकून देणारा टीमचा मुख्य मारेकरी) कधी एखादा वॉर्ड टाकतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवून बसू नका. तुमचा एक वॉर्ड सहा मिनिटं चार जणांचं नशीब ठरवतो, म्हणून जागा निवडायला वेळ घेणं परवडतं, आणि चुकलं तर सहा मिनिटं बोचत राहतं.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रात्री हिरोला ८०० दिसतं, वॉर्डला रात्रीही १६००. दिवसा हिरोपेक्षा जरा कमी बघणारा वॉर्ड रात्री दुप्पट बघतो. म्हणून पहिली रात्र पडायच्या आधी, साडेचार मिनिटांच्या सुमारास टाकलेला वॉर्ड पहिल्या मिनिटाला टाकलेल्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा. डोटा शिकवणारे जागांचे नकाशे खूप दाखवतात, वेळेबद्दल फार कमी बोलतात. माझ्या मते नव्या सपोर्टने आधी वेळ शिकावी, टेकाडांची नावं नंतर.

दुसऱ्याचा दिवा विझवणं

खरी चुरस इथे आहे, आणि खेळ निवडताना मी याला सगळ्यात जास्त वजन देईन.

लीगमध्ये ऑरॅकल लेन्स हे वॉर्ड शोधणारं ट्रिंकेट घेऊन फिरायचं, लपलेला वॉर्ड दिसला की तीन फटक्यांत फोडायचा. ड्रॅगनचं उदाहरण घ्या. पहिला ड्रॅगन पाचव्या मिनिटाला येतो. समजूतदार जोडी त्याच्या मिनिटभर आधीच नदीत उतरते, एक लेन्स फिरवतो, दुसरा कंट्रोल वॉर्ड ठेवतो. ड्रॅगन येईपर्यंत नदीचा तो तुकडा तुमच्यासाठी उजेडात आणि त्यांच्यासाठी अंधारात. आता त्यांच्यापैकी कोणाला तरी झुडपात शिरून बघावं लागेल. यालाच खेळाडू फेस चेक म्हणतात, आणि तिथेच बरेचसे सामने फिरतात. यात गूढ काही नाही. शिस्त लागते, आणि लेन सोडून मिनिटभर आधी निघायचं धाडस.

डोटात वॉर्ड शोधायला ५० गोल्डचा सेंट्री वॉर्ड लागतो. तो स्वतः नकाशा उजळत नाही, फक्त अदृश्य गोष्टी दाखवतो. म्हणजे आधी अंदाज बांधायचा, मग पैसे खर्चायचे. चांगली टेकाडं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून चांगल्या टेकाडावरचा वॉर्ड पहिला फुटतो, आणि फोडणाऱ्याला बक्षीसही मिळतं. त्यामुळे अनुभवी सपोर्ट वॉर्ड मुद्दाम जरा वाईट जागी टाकतो. कमी दिसतं, पण सहा मिनिटं जगतो. समोरचा सपोर्ट गेल्या दहा मिनिटांत कुठून आला, त्याला कुठला वॉर्ड खुपत असेल, तो आता कुठे सेंट्री टाकेल, हे सगळं डोक्यात चालवावं लागतं.

आणि डोटात स्मोक ऑफ डिसीट आहे. पन्नास गोल्डची पुडी. ती फोडली की जवळचे साथीदार अदृश्य होतात, मिनिमॅपवरून (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरून) नाहीसे होतात, आणि वॉर्ड काय, सेंट्रीलाही दिसत नाहीत. शत्रूचा हिरो किंवा टॉवर साधारण हजार एककांच्या आत आला की मगच पडदा फाटतो. लीगमध्ये याला तोड नाही. तुम्ही नकाशा कितीही उजळा, पाच जण तुमच्या वॉर्डसमोरून चालत येऊ शकतात. मग हाती उरतो एकच पुरावा: समोरचे पाचही जण एकाच वेळी नकाशावरून गेलेत. सामना बघणाऱ्यांना दोन्ही बाजू दिसत असतात. एकीकडे स्मोकमधली टोळी पुढे सरकतेय, दुसरीकडे बेसावध कॅरी क्रीप (संगणकाने चालवलेले छोटे सैनिक) मारतोय, आणि बघणारे श्वास रोखून बसलेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली, तेव्हा डोटाची अशी मोठी स्पर्धा आपल्याच राज्यात बघायला मिळाली. हा खेळ मोठ्या पडद्यावर का रंगतो, याचं अर्धं कारण हा अंधारच आहे.

मिनिमॅप: इथे तिन्ही खेळ एकच

वॉर्डने दिलेली माहिती शेवटी पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या चौकोनात येते. तिथे नजर गेली नाही तर वॉर्ड टाकून उपयोग शून्य. मला सतत दिसतं की नवा खेळाडू वॉर्ड मन लावून टाकतो आणि मग त्यात काय दिसलं ते बघतच नाही.

बघायचं कसं? जे दिसतायत त्यांच्यापेक्षा जे दिसत नाहीत त्यांची मोजणी करा. लीगमध्ये शत्रूचा जंगलर वरच्या बाजूला दिसला, तर खालच्या लेनला पुढची वीस-पंचवीस सेकंद पुढे सरकायची मुभा आहे. तो दिसेनासा झाला की ती मुभा संपली. डोटात दोन सपोर्ट एकदम गायब आणि घड्याळात रात्र, तर मागे या, कारण शोधत बसू नका. एक शत्रू दिसला की तो आणखी कुठे असू शकत नाही हेही कळतं, आणि निर्णय बहुतेक वेळा त्या "असू शकत नाही" वरच होतो.

दोन्ही खेळांत मिनिमॅप मोठा करायची सोय आहे. पहिल्याच दिवशी करा. प्रत्येक क्रीप मारल्यावर एकदा कोपऱ्यात बघायची सवय लावा. आठवडाभर क्रीप चुकतील, चुकू द्या.

युनाइट इथे उत्तम शाळा आहे. दहा मिनिटांचा सामना, वॉर्ड नाही, त्यामुळे नकाशा वाचायचा तर साथीदारांच्या जागा आणि शत्रूचं गायब होणं एवढंच साहित्य. शेवटच्या दोन मिनिटांत मधोमध रेक्वाझा हा मोठा पोकेमॉन येतो, आणि त्याआधी गवतात कोण बसलंय याचा अंदाज ज्याला येतो त्याची टीम बहुधा जिंकते. माझ्या मामेभावाला हे जमतं. म्हणून पीसीवर तो शून्यातून सुरुवात करणार नाही. मोबाइल लेजंड्सही याच वळणाचा, झुडपांवर चालणारा खेळ, पण जून २०२० मध्ये चिनी अ‍ॅपवर आलेल्या बंदीत तो भारतातून गेला.

बाकीचं, थोडक्यात

डोटाच्या यादीत भारताचा सर्व्हर आहे. लीगला भारतात सर्व्हर नाही, सिंगापूरला जोडावं लागतं. माझ्याकडे पुण्यात पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) खेळण्याजोगा राहतो, पण डोटाइतका कमी नाही. वॉर्डच्या कामाला त्याने फरक पडत नाही, झटापटीत पडतो. डोटात सगळे हिरो पहिल्या दिवसापासून खुले, लीगमध्ये ते हळूहळू मिळवावे लागतात. साध्या लॅपटॉपवर लीग हलकं चालतं, फक्त २०२४ पासून त्यासोबत व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर बसवावं लागतं, आणि लिनक्सवर खेळायचं असेल तर डोटाच. डोटाचा सामना चाळीस मिनिटं सहज खातो, लीगचा बहुधा तिसाव्या मिनिटाच्या आसपास आटपतो.

शिकण्याच्या दृष्टीने एक फरक मोठा आहे. लीग सामना संपल्यावर प्रत्येकाचा व्हिजन स्कोअर दाखवतं. आकडा अपुरा आहे, निरुपयोगी जागी वॉर्ड टाकूनही तो फुगतो, पण काल १८ होता आणि आज ३१ झाला हे नव्या माणसाला उमेद देतं. डोटा असा सरळ आकडा हातात ठेवत नाही. त्याऐवजी खेळातच मोठ्या सामन्यांचे रिप्ले एकेका खेळाडूच्या नजरेतून बघता येतात. एखाद्या व्यावसायिक सपोर्टला जे दिसत होतं तेवढंच बघायचं आणि तो तिथेच का गेला हे ओळखायचा प्रयत्न करायचा. वॉर्ड शिकायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

मग कोणी काय घ्यावं

रोज संध्याकाळी तास-दीड तास आहे, पीसीवरचा हा पहिलाच असा खेळ आहे, आणि केलेल्या कामाचा परिणाम लवकर दिसायला हवा, तर लीग घ्या. उजेड लहान लहान तुकड्यांत मिळतो, चूक दोन मिनिटांत विझते, आणि पुढच्या ड्रॅगनला तीच गोष्ट नीट करायची संधी येते.

समोरच्याच्या डोक्यात शिरायला आवडत असेल, दोन-तीन महिने हरत शिकायची तयारी असेल, आणि तुमच्याबरोबर नेहमी खेळणारे एक-दोन मित्र असतील, तर डोटा. मित्रांची अट मी मुद्दाम घालतोय. स्मोक एकट्याने फोडून काही होत नाही, आणि अनोळखी चौघांना एका वेळी एका जागी आणणं हे नव्या सपोर्टच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. मला स्वतःला डोटातली रात्र जास्त प्रिय आहे. पण सगळ्यांना डोटाच सांगणं अप्रामाणिकपणा ठरेल, कारण पहिल्या महिन्यात तिथे सपोर्टला आपण काय बरोबर केलं हेच कळत नाही.

मामेभावाला मी लीग सांगितलं, एका अटीवर: प्रत्येक वेळी मेल्यावर, पुन्हा जिवंत होईपर्यंतच्या सेकंदांत, मारणारा शेवटचा मिनिमॅपवर कुठे दिसला होता ते आठवायचं. काल त्याचा मेसेज आला. नऊ वेळा मेला, आणि नऊपैकी सात वेळा मारणारा नदीच्या त्याच एका झुडपातून आला होता. आज तो तिथे कंट्रोल वॉर्ड ठेवणार आहे.