खोटं परमिट आणि ओलीस पासपोर्ट

गुगलवर 'इंटरनॅशनल ड्रायव्हिंग लायसन' असं टाकलं की सगळ्यात वर आरटीओ येत नाही, येतात जाहिराती. पृथ्वीचा गोल, निळा शिक्का, संयुक्त राष्ट्रांच्या 1949 च्या रस्ते-वाहतूक कराराचा हवाला आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ: 'सवलत संपायला 14 मिनिटं'. लायसनचा फोटो, स्वतःचा फोटो आणि पांढऱ्या कागदावरची सही अपलोड करा, पन्नास-साठ डॉलर भरा. दोन तासांत ईमेलवर पीडीएफ, आठ-दहा दिवसांत प्लास्टिकचं कार्ड घरपोच. मुदत एक वर्ष, तीन वर्षं, जी हवी ती.

आणि हे सगळं खरंच येतं, वेळेवर येतं. म्हणून तर माणूस निर्धास्त होतो. आलेली वस्तू परमिट, म्हणजे परदेशात गाडी चालवायला लायसनसोबत लागणारा सरकारी परवाना, नसते, एवढंच. त्याच साइटच्या तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हा सरकारी दस्तऐवज नाही, तुमच्या लायसनचं भाषांतर आहे. पुढे कुणी भांडायला गेलं की ते हेच वाक्य दाखवतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या विक्रेत्यांवर 2003 मध्येच कारवाई केली होती. धंदा बंद पडला नाही, फक्त दिसायला देखणा झाला.

ओळखायचं कसं? ज्या देशाने लायसन दिलं, परमिटही त्याच देशाने द्यायचं असतं. भारतीय लायसनवर दुसऱ्या कुठल्या देशातली संस्था परमिट देऊच शकत नाही, मग तिच्या नावात 'इंटरनॅशनल' आणि 'ऑटोमोबाइल' कितीही वेळा असो. भारत 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे परमिट देतो, आणि त्या कराराच्या परमिटची मुदत एकच वर्ष असते. तीन वर्षांची सोय 1968 च्या व्हिएन्ना करारातली आहे. म्हणजे 1949 चं नाव घेऊन तीन वर्षांचं परमिट विकणारा आपल्याच तोंडाने पकडला जातो. कराराने मापही ठरवून दिलंय: 105 बाय 148 मिलिमीटरची पुस्तिका, करडं कव्हर, आत पांढरी पानं, शेवटचं पान फ्रेंचमध्ये. एटीएम कार्डासारखं चकचकीत काही हातात पडलं तर पुढे काही तपासायची गरज नाही.

तरीही लोक अशी कार्डं घेऊन फिरून येतात आणि चारचौघांना सांगतात, 'आमचं तर चाललं की!' चालतं, कारण बहुतेक ठिकाणी कुणी बघत नाही. फुकेतच्या स्कूटरवाल्याला भाड्याशी मतलब. नाक्यावरचा पोलीस एखाद्या वेळी लांबूनच पृथ्वीचा गोल बघून हात हलवतो. परमिट नीट उघडून वाचतो तो विमा कंपनीचा माणूस, आणि तो येतो अपघातानंतर. प्रवासविम्याच्या अपवादांमध्ये वैध परवान्याशिवाय वाहन चालवणं जवळपास कायम असतं. पाय मोडून पर्यटक हॉस्पिटलात पडला आहे, रॉड घालायचं ऑपरेशन ठरलंय, हॉस्पिटल विम्याची हमी मागतंय, आणि मुंबईहून ईमेल येतो: परमिटच्या सर्व पानांची प्रत पाठवा. पाठवायला पानंच नसतात.

जपानमध्ये मात्र काउंटरवरच अडवतात. होक्काइडो किंवा ओकिनावात गाडी घ्यायला गेलात की काउंटरवरची बाई पुस्तिका हातात घेते, करार कुठल्या सालचा ते बघते, तारीख बघते, वाहनाच्या वर्गासमोरचा शिक्का बघते. हा काटेकोरपणा उगाच नाही. तिथे विनापरवाना गाडी चालवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड आहे, आणि माहीत असून अशाला गाडी देणाराही सुटत नाही. प्लास्टिकचं कार्ड ती नम्रपणे परत करते. आगाऊ भरलेलं भाडंही बहुतेकदा गेलंच.

खरं परमिट आरटीओत मिळतं आणि त्याची सरकारी फी 1000 रुपये आहे. परिवहनच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र (किंवा गोवा, जिथलं लायसन असेल ते) निवडायचं, 'सर्व्हिसेस ऑन डीएल' मध्ये जायचं, लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकायची, सेवांच्या यादीतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्यायचं. फॉर्म 4ए, लायसन, पासपोर्ट, फोटो. जुनं पुस्तकी लायसन असेल तर आधी त्याची नोंद सारथीवर आहे का ते बघा, नसेल तर ती करून घेण्यात जास्त दिवस जातात. परमिट दिल्यापासून एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. म्हणून डिसेंबरच्या सहलीसाठी जानेवारीत परमिट काढणं हा शहाणपणा नव्हे.

आरटीओबाहेरचे एजंट याच कामाचे तीन-चार हजार घेतात आणि हिशोबात मेडिकल सर्टिफिकेट, व्हिसा 'मॅनेज' करणं वगैरे दाखवतात. केंद्र सरकारने 7 जानेवारी 2021 च्या अधिसूचनेत परमिटच्या अर्जासाठी मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसा या दोन्ही अटी काढून टाकल्या आहेत. कारण साधं होतं: बऱ्याच देशांत व्हिसा विमानतळावरच मिळतो, तो आधी दाखवणार कुठून? खिडकीवर कुणी अडवलं तर ही तारीख सांगा. ऑगस्ट 2022 मध्ये देशभर परमिटचा नमुना एकसारखा केला गेला आणि त्यावर मूळ लायसनशी जोडणारा क्यूआर कोड आला. हातात आलेल्या परमिटवर तो नसेल तर एजंटाने नेमकं काय छापून आणलंय ते विचारा.

खिडकीवरून हलण्याआधी एक पान उघडून बघाच. परमिटवर वाहनांचे वर्ग ए, बी, सी, डी, ई असे असतात. ए म्हणजे मोटरसायकल-स्कूटर, बी म्हणजे चालकाची सीट सोडून आठ सीटपर्यंतची मोटार. शिक्का ज्या वर्गापुढे असेल तेवढाच वर्ग तुमचा. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या लायसनवर फक्त एलएमव्ही (हलकी मोटार, म्हणजे कार) असतं, दुचाकी ते गावात आणि गोव्यात तशीच दामटतात. थायलंडला जायचं तर हे चालणार नाही. खऱ्या परमिटवर फक्त बीचा शिक्का घेऊन स्कूटर चालवणारा आणि खोटं कार्ड घेऊन चालवणारा, विमा कंपनीच्या लेखी दोघेही सारखेच.

व्हिएतनामची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिथे प्रामाणिक माणूसही फसतो. व्हिएतनाम 1968 च्या करारात आहे, आपलं परमिट 1949 च्या करारातलं. म्हणजे आरटीओतून रीतसर काढलेलं, क्यूआर कोडवालं अस्सल परमिटही तिथे धरलं जात नाही. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या 'हा जियांग' भागातल्या डोंगरी रस्त्यांसाठी दुचाकी भाड्याने देणारा दुकानदार ते परमिट हातात घेऊन 'इंटरनॅशनल, ओके, ओके' म्हणतो. त्याचं बरोबरच आहे, त्याच्या दृष्टीने ओके. वाटेत पोलिसांनी धरलं तर दंड तुमचा, दरीत गेलात तर हॉस्पिटलचं बिलही तुमचं. 50 सीसीपर्यंतच्या गाडीला तिथे लायसन लागत नाही हे खरं, पण दुकानात उभ्या असतात त्या बहुतेक 110 ते 150 सीसीच्या. तिथल्या चालकाच्या मागे बसून फिरायची सोय आहे, 'ईझी रायडर' म्हणतात. घाटातला निसर्गही मागे बसून जास्त दिसतो.

आता थायलंड. परमिट खरं, ए वर शिक्का, सगळं जागेवर. इथे गंडा घालतात तो गाडीच्या ओरखड्यांवर.

फुकेत, पट्टाया, को सामुई, सगळीकडे पद्धत तीच. दिवसाला दोनशे-तीनशे बात (थाई चलन) भाडं, 'डिपॉझिट नको, फक्त पासपोर्ट ठेवा'. बोलता बोलता परतीचं विमान कधीचं ते विचारून घेतात. करार एका पानाचा, अर्धा थाई. त्यात नुकसानीचे दर नसतात, पण दुरुस्ती मालक सांगेल त्याच गॅरेजात आणि दुरुस्तीच्या दिवसांचं भाडंही ग्राहकाकडून, अशी ओळ असते. परत करताना मालक उकिडवा बसतो, मोबाइलचा टॉर्च फ्लोअरबोर्डच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवतो आणि एका जागी थांबतो. मागणी दहा-पंधरा हजार बात. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये, विमान सकाळचं. घासाघीस करून माणूस सहा-सात हजार देतो आणि निघतो. पुढच्या गिऱ्हाइकालाही तोच ओरखडा विकला जातो.

गाडी ताब्यात घेतानाचं एक बारकं निरीक्षण: स्कूटर बऱ्याचदा नुकतीच धुतलेली, ओली असते. ओल्या प्लास्टिकवर ओरखडे दिसत नाहीत, वाळलं की पांढऱ्या रेघा उमटतात. म्हणून फडकं मागा, पुसा, उन्हात घ्या, आणि मग व्हिडिओ काढा, दुकानदारासमोर, त्याचा आवाज येईल असा. सुरुवात नंबरप्लेट आणि किलोमीटरच्या आकड्यापासून. नंतर ब्रेकच्या दांड्यांची टोकं (ती घासलेली असली तर गाडी आधी आडवी झालेली आहे, हमखास), आरशांच्या पाठी, पुढच्या मडगार्डची खालची कड, दोन्ही बाजूची पॅनल, सायलेन्सरचं कव्हर, चाकांच्या रिम, आणि फोन जमिनीला टेकवून फ्लोअरबोर्डची खालची बाजू. काळ्या मार्करने बुजवलेले ओरखडे नखाला लागतात. काढलेला व्हिडिओ तिथल्या तिथे दुकानाच्याच व्हॉट्सअ‍ॅप किंवा 'लाइन' या मेसेजिंग अ‍ॅपच्या नंबरवर पाठवून द्या, म्हणजे तारीख-वेळेचं भांडण उरत नाही.

पासपोर्ट द्यायचा नाही. आपल्या पासपोर्ट कायद्यातलं कलम 17 सांगतं की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, ती गहाण टाकायचा अधिकार आपल्याला नाही. त्याऐवजी झेरॉक्स आणि तीन-पाच हजार बात रोख द्या, पावतीवर रक्कम लिहून घ्या. बरीच दुकानं कुरकुरत तयार होतात. जे तयारच होत नाही ते दुकान सोडा, पन्नास पावलांवर दुसरं असतं.

विम्याबद्दल विचारलं की 'हॅव इन्शुरन्स' असं उत्तर ठरलेलं. तो बहुतेक वेळा 'पोर रोर बोर' हा सक्तीचा विमा असतो. त्यातून माणसांच्या इजेचे पैसे मर्यादेपर्यंत मिळतात, गाडीच्या नुकसानीचा एक बातही नाही. गाडी चोरीला गेली तरी नाही. आणि चोरीचीही एक चाल आहे: दुसरी किल्ली दुकानातच असते, गाडी हॉटेलखालून रात्री 'चोरीला' जाते आणि नव्या गाडीची किंमत मागितली जाते. पुढच्या डिस्कला लावायचं स्वतःचं कुलूप सोबत न्या, आणि हॉटेलचा खरा पत्ता दुकानात सांगायलाच हवा असंही काही नाही.

गाडी आदल्या दिवशी, उजेडात परत करा. वाद झालाच तर पैसे लगेच काढू नका. 1155 हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, इंग्रजीत बोलतात. पोलीस बरेचदा 'आपसात मिटवा' म्हणतात, पण ते येणार कळल्यावर आकडा उतरतो. त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्या पॅनलची किंमत विचारू, असं म्हटलं की आणखी उतरतो, कारण सुट्या भागांचे दर तिथे ठरलेले असतात. खरंच पडला असाल तर खऱ्या भागाची खरी किंमत द्यावी, ते वेगळं.

दुबईत दुचाकीची भानगड नाही, छोट्या रेंट-अ-कारवाल्यांची आहे. डिपॉझिट दंडाच्या नावाखाली आठवडे अडकवून ठेवतात आणि शेवटी भलतेच दंड वजा करतात. दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर गाडीच्या नंबरवरून दंड दिसतात, तारखेसकट. तुमच्या आधीच्या तारखेचे तुमचे नाहीत. सालिक टोलचा दर वेळेप्रमाणे चार किंवा सहा दिरहम आहे. वरचं जे लावलं असेल ते करारात लिहिलेलं दाखवा म्हणा. गाडीला कुठेही घासलं तर पोलिसांचा कागद घेतल्याशिवाय जागा सोडू नका, त्याशिवाय गॅरेज दुरुस्तीला हात लावत नाही आणि विमाही मिळत नाही.

खोटं कार्ड आधीच घेऊन बसला असाल तर साइटची पानं, ती तळची बारीक ओळसुद्धा, स्क्रीनशॉट करून ठेवा आणि ज्या कार्डाने पैसे भरले त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. 1930 वर किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवा, कारण पैशांसोबत तुमची सही, फोटो आणि लायसनही त्यांच्याकडे गेलंय. आणि ते कार्ड 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून सामानात टाकू नका. पोलिसांपुढे परमिट नसणं हा एक गुन्हा. बनावट कागद काढून दाखवला की तो दुसरा.