फाशीविरोध: सह्यांची मोहीम की कोर्टाची पायरी?

हिंडलग्याच्या जेलात फाशीचा खांब आहे, हे बेळगावात लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे खडेबाजारात कुणी फाशीविरोधी सह्यांचा कागद पुढे केला, की माणूस पेन हातात घेऊन थबकतोच. पहिला प्रश्न ठरलेला: "ज्याची पोरगी गेली, त्याला काय सांगणार?" दुसरा खास आमचा: अर्ज मराठीत चालंल की कन्नडच पाहिजे?

ॲम्नेस्टीसारख्या मानवी हक्क संस्थांचा हा जुना मार्ग: पत्रं, सह्या, खासदारांच्या भेटी, संयुक्त राष्ट्रांत दबाव. २००७ मध्ये महासभेनं फाशी स्थगितीचा ठराव केला. भारतानं विरोधात मत दिलं. सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगानं २०१५ मध्ये दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे सोडून फाशी रद्द करा म्हटलं. कायदा आहे तिथंच आहे.

कोर्टाची वाट अरुंद, पण हाताला काही लागतं. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान खटल्यात पीयूडीआर ही नागरी हक्कांची संघटनाही याचिकाकर्ती होती. दयेच्या अर्जांना झालेला उशीर हे मुख्य कारण धरून सुप्रीम कोर्टानं १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. शेजारच्या कोल्हापूरच्या, लहान मुलांना पळवून मारणाऱ्या गावित बहिणींची फाशीही २०२२ मध्ये उशिरामुळेच टळली. तेव्हा इथं लोक चिडले होते, आणि ते समजण्यासारखं आहे.

माझा कल कोर्टाकडे, जरी सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून तिथंच पडलाय. फक्त कोर्ट माणूस वाचवतं, शिक्षा नाही हटवत. ती हटवायची तर संसदच लागते, म्हणून तो कागद मी खिशात ठेवलाय. सही अजून केली नाही.