इंग्रजीच्या बोली: खेड्यात शोधायच्या की शहरात?

बोलींचा अभ्यास करताना कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं. इंग्रजीच्या बाबतीत याची दोन अगदी वेगळी उत्तरं निघाली.

लीड्स विद्यापीठाचे हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी आखलेलं इंग्लंडमधल्या बोलींचं सर्वेक्षण १९५० ते १९६१ या काळात झालं. ३१३ ठिकाणं, बहुतेक खेडी. तेराशेहून अधिक प्रश्न. उत्तरं देणारे मुख्यतः वयस्कर, गाव फारसं न सोडलेले पुरुष. अवजारं, गुरंढोरं, गोठा, स्वयंपाक यांचे गावोगावचे शब्द त्यांच्या तोंडून वेळेत टिपले गेले. यंत्रं आल्यावर ते विरलेच असते. पण बायका कमी, तरुण जवळजवळ नाहीतच, आणि कारखान्यांची मोठी शहरं बहुतांशी बाहेर.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी मात्र न्यूयॉर्कच निवडलं. १९६२ मध्ये तीन वेगवेगळ्या थरांतल्या दुकानांत जाऊन ते चौथ्या मजल्यावरच्या वस्तूची चौकशी करत. ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर आलं की नीट ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवून घेत. या शब्दांतला ‘र’ काहीजण उच्चारत, काहीजण गाळत; महागड्या दुकानात ‘र’चा उच्चार सर्वांत जास्त, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. म्हणजे बोली गावाच्या वेशीवर बदलते तशी एकाच रस्त्यावरही बदलते.

मला लबोव्ह यांची कक्षा अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात विक्रेत्याचं बोलणंही बोलीच ठरतं. शब्दसंपत्ती हवी असेल तर मात्र ऑर्टन यांच्याकडेच जावं लागेल.