ब्रॉडवेपर्यंत पुरे की बंदरापर्यंत हवी? डग्लसच्या घोडाट्रामचा तुलनात्मक आढावा

माझी मावसबहीण आइल ऑफ मॅनवर, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या बेटावर, डग्लस गावात नोकरीला आहे. परवा तिचा फोन आला. "दादा, आमच्या गल्लीत ट्रामवरून दोन तट पडलेत. शेजारच्या आजी म्हणतात, आपल्या आमदाराला पत्र टाक. काय लिहू?" आमदार म्हणजे तिथल्या हाउस ऑफ कीजचा सभासद. मागे तिच्याकडे गेलो असताना मी त्या ट्राममधून दोनदा फिरलो होतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. तिला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो. कुणी तिकडे राहायला गेलं असेल किंवा फिरायला जाणार असेल, तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. डग्लसचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि त्याला धरून प्रॉमनेड जातो. आपल्या मरीन ड्राइव्हचा धाकटा भाऊ म्हणा. 7 ऑगस्ट 1876 रोजी थॉमस लाइटफूट नावाच्या निवृत्त इंजिनियरनं तिथं घोड्यांची ट्राम सुरू केली. (मुंबईत ती त्याआधी दोन वर्षं, 9 मे 1874 ला धावली होती. आपण 1905 मध्ये घोडे सोडले आणि 1964 मध्ये विजेची ट्रामही. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जमिनीखालून रूळ निघाले, तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं फोटो काढले.) डग्लसची मात्र चालू राहिली. 1902 पासून नगरपालिकेकडे होती. रुळांची रुंदी 3 फूट, लांबी साधारण 1.6 मैल, एका टोकाला बोटींचं बंदर म्हणजे सी टर्मिनल, दुसऱ्या टोकाला डर्बी कॅसल.

जानेवारी 2016 मध्ये नगरपालिकेनं हात वर केले. एका वर्षात अडीच लाख पौंडांहून जास्त तोटा, आम्हाला झेपत नाही, असं कारण दिलं. लोकांनी ओरड केली, बेटाच्या सरकारनं ट्राम आपल्याकडे घेतली. त्यातच सगळा प्रॉमनेड उखडून नव्यानं बांधायचं ठरलं. सुमारे अडीच कोटी पौंडांचं काम, 2018 च्या शरदात सुरू झालं आणि लांबतच गेलं. घोडे परतले 2022 च्या उन्हाळ्यात, तेही अर्ध्या वाटेपर्यंतच. डर्बी कॅसलपासून ब्रॉडवे या मधल्या थांब्यापर्यंत दुहेरी रूळ पडले. ब्रॉडवेपासून बंदरापर्यंत एकेरी रूळ टाकायचं ठरलं होतं, तो तुकडा मागे पडला आणि तेव्हापासून घोंगडं भिजतंय.

आता दोन पर्याय.

पहिला: आहे तेवढीच ठेवा. हे म्हणणारे ट्रामचे वैरी आहेत असं समजू नका. मी ज्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई लहानपणी रोज ट्रामनं जायच्या, आणि तरीही ती बंदरापर्यंत न्यायला त्यांचा विरोध आहे. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, इतकी वर्षं इथं पत्रे आणि खड्डे होते, गिऱ्हाईक दारापर्यंत पोचत नव्हतं, आता पुन्हा खोदायला आलात तर मी आडवी पडेन. प्रॉमनेडवरच्या खानावळी, दुकानं, हॉटेलं सगळ्यांचं हेच रडगाणं आहे, आणि ते खोटं नाही. शिवाय ट्राम चालते फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यातल्या फेऱ्या 1927 मध्येच बंद झाल्या. काही महिन्यांच्या गाडीसाठी बारा महिने रस्ता अडवायचा का, हा प्रश्न त्या रीतसर विचारतात. बसही त्याच रस्त्यानं जाते.

दुसरा: बंदरापर्यंत न्या. यांचं म्हणणं समजायला नकाशा लागतो. बंदरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर वाफेच्या रेल्वेचं स्टेशन आहे, ती 1874 पासून दक्षिणेला पोर्ट एरिनला जाते. दुसऱ्या टोकाला डर्बी कॅसलहून 1893 ची विजेची रेल्वे निघते, ती लॅक्सी, रॅम्झीकडे. लॅक्सीहून वेगळी गाडी स्नेफेल डोंगरावर चढते. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे घोडाट्राम. बोटीतून उतरा, घोड्याच्या गाडीत बसा, विजेच्या गाडीत चढा, डोंगरावर जा. असा अख्खा जुना प्रवास जगात क्वचितच कुठं शिल्लक असेल. त्यातला बंदराकडचा तुकडा काढला की उरते ती जत्रेतली घोड्यावरची रपेट.

मला हे ब्रॉडवेला उतरल्यावर कळलं. गाडी थांबली. हाकणाऱ्या मुलीनं साखळी सोडली, घोड्याला लगामाला धरून डब्याच्या कडेनं शांतपणे दुसऱ्या टोकाला नेलं आणि पुन्हा जुंपलं. गाडी वळवावी लागत नाही, घोडाच जागा बदलतो. बाकांच्या पाठी उघड्या, वर नुसतं छप्पर, म्हणून या डब्यांना तिथं टोस्ट ठेवायच्या स्टँडवरून टोस्टरॅक म्हणतात. चाकांना रोलर बेअरिंग आहेत, त्यामुळे तीसेक माणसांचा डबा एकटा घोडा सपाट रुळांवरून सहज ओढतो. बघण्यासारखं आहे हे. पण माझ्या पुढच्या बाकावरचं कुटुंब, दोन बॅगा आणि एक झोपलेलं पोर घेऊन, उतरून बंदराकडे बघत उभं राहिलं. बोट गाठायची होती त्यांना. दहा-पंधरा मिनिटांची चाल, वारा तोंडावर. वडिलांनी विचारलं, "पुढे कधी जाते?" कंडक्टर हसला आणि खांदे उडवले.

मग तोट्याचं काय? इथं दोन्ही पक्ष सोयीस्कर बोलतात असं माझं मत. अर्धी ट्राम ठेवली म्हणून खर्च अर्धा होत नाही. तबेला तोच, घोडे तेच, नालबंद तोच, वर्षभराचा चारा तोच. कमी होतात ते फक्त रूळ आणि उतारू. उलट बंदरापर्यंत नेली की आपोआप फायद्यात येईल हेही खरं नाही. ती 2016 मध्ये पूर्ण लांबीवर होती तेव्हाच तर तोट्यात होती. म्हणजे पैशाच्या जोरावर कुठलाही पर्याय जिंकत नाही. वारसा म्हणून किती तोटा सोसायचा, एवढाच प्रश्न आहे आणि तो सरकारनं उघड सांगायला हवा.

तुलनेला मी बहिणीला तिसरं गाव सांगितलं: ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टर हार्बर. तिथंही 1894 पासून घोडाट्राम होती, मुख्य किनाऱ्यावरून पुलावरून ग्रॅनाइट बेटावर जाणारी. 1950 च्या दशकात ती बंद पडली आणि 1986 मध्ये, साउथ ऑस्ट्रेलियाच्या दीडशेव्या वर्षी, पुन्हा सुरू झाली. पुढे जुना लाकडी पूल खिळखिळा झाला, तर तिथं नवा पूल बांधला आणि ट्राम त्यावर नेली. मार्ग डग्लसहून बराच छोटा, डबे दुमजली, घोडे क्लाइड्सडेल जातीचे. पण एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला बेट. बसणाऱ्याला कुठंतरी पोचायचं असतं. छोटी असूनही ती का टिकली याचं कारण मला तिच्या दोन टोकांमध्येच दिसतं. डग्लसची ब्रॉडवेपर्यंतची ट्राम तिच्याहून लांब आहे आणि तरी अर्धवट वाटते ती यामुळेच.

घोड्यांचा मुद्दा वेगळा काढतो, कारण आपल्याकडून कुणी विचारणारच. मुंबईत 2015 मध्ये उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या तेव्हाची घोड्यांची हालत ज्यांनी पाहिलीय, त्यांना घोडागाडी म्हटलं की अंगावर काटा येतो. डग्लसमध्ये परिस्थिती तशी नाही. 1950 पासून गावाबाहेर म्हाताऱ्या ट्रामघोड्यांसाठी एक आश्रम आहे. तो निघालाच मुळी निवृत्त घोडे कसायाकडे जाऊ नयेत म्हणून. लोक तिथं गाजरं घेऊन जातात. ट्राम नको म्हणणाऱ्यांनी घोड्यांची दया पुढे करू नये, आणि हवी म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यात फेऱ्या वाढवून घोडे दमवू नयेत, एवढं मी नक्की म्हणेन.

फिरायला जाणाऱ्यांसाठी: विजेच्या रेल्वेनं जाणार असाल तर आधी डर्बी कॅसलला बसनं जा, परतताना ट्राम घ्या आणि उरलेलं बंदरापर्यंत चालत या. सामान असेल तर ट्रामच्या नादी लागू नका.

बहिणीला मी बंदराच्या बाजूनं लिहायला सांगितलं. पण मालकीणबाईंचं म्हणणं गाळू नकोस म्हटलं. पत्रात तीन गोष्टी मागायच्या. एकेरी रूळच टाका, दुहेरीचा हट्ट नको. काम ऑक्टोबर ते मार्चमध्येच करा, सीझनमध्ये कुदळ उचलू नका. आणि करायचं नसेल तर तसं लेखी सांगून टाका, म्हणजे खानावळवाल्यांना दर वर्षी पुन्हा खोदतात की काय याची धास्ती नको. 2026 ला ट्रामला दीडशे वर्षं होतात, हेही शेवटी एका ओळीत घाल म्हणालो. ती म्हणाली, शेजारच्या आजींनी ते आधीच पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय.