शेंगपेंड की सरकी पेंड : दूध आणि गाभण राहणे, दोन्हींचा विचार

ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, शिरोळ, हातकणंगले भागातील गव्हाणीत मुख्यतः उसाचे वाडे (उसाचे हिरवे शेंडे) असतात. वाड्यात प्रथिने फार थोडी असल्याने संकरित गाईची गरज पेंडीतून भागवावी लागते. कोणती पेंड घ्यायची हे बहुधा दर किलोच्या भावावर ठरते, पण गाय पुन्हा वेळेवर गाभण राहणे हेही त्या निवडीशी जोडलेले आहे.

शेंगपेंडीत (भुईमुगाची पेंड) प्रथिने सुमारे ४० ते ४५ टक्के असतात, टरफलासह गाळलेल्या सरकी पेंडीत (कापसाच्या बियांची पेंड) साधारण २२ ते २४ टक्के. म्हणजे प्रथिनांपुरते पाहिले तर एक किलो शेंगपेंड जवळपास दोन किलो सरकी पेंडीचे काम करते, आणि भावाची तुलना याच प्रमाणात केली पाहिजे. एकूण आहाराच्या शुष्क भागात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) प्रथिने १६ ते १७ टक्क्यांपर्यंत नेली तर जास्त दुधाच्या गाईचे दूध वाढते. त्यापुढे घातलेल्या पेंडीचा पैसा दुधातून फारसा परत येत नाही.

खरा फरक कोठीपोटात, म्हणजे जिथे जिवाणू वैरण आंबवतात त्या गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, पडतो. शेंगपेंडीतील प्रथिनांचा मोठा भाग तिथेच लवकर विघटित होऊन अमोनिया तयार होतो. मका भरड्यासारखा ऊर्जेचा स्रोत सोबत असेल, तर जिवाणू त्या अमोनियापासून स्वतःची प्रथिने बनवतात आणि ती पुढे गाईलाच मिळतात. ऊर्जा कमी पडली, तर उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि त्यासाठीही ऊर्जाच खर्च होते. व्याल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने गाय आधीच अंगावरची चरबी वापरून दूध देत असते, त्यामुळे हा खर्च तिला नेमका नको त्या वेळी पडतो. वाढलेल्या युरियाने गर्भाशयातील आम्लता बदलते आणि भ्रूण टिकणे अवघड होते. दुधातील युरिया-नायट्रोजन प्रति डेसिलिटर १९ ते २० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास गर्भधारणेचे प्रमाण घटल्याचे आढळते. सरकी पेंडीतील प्रथिनांचा त्या मानाने अधिक भाग न फुटता पुढे आतड्यात पोहोचतो, म्हणून हा धोका कमी राहतो.

मात्र शेंगपेंड सरसकट वाईट ठरवणे अन्यायाचे होईल. नुसत्या वाड्यावर असलेल्या गाईच्या कोठीपोटातील जिवाणूंना अमोनिया कमीच मिळतो. तिथे थोडी शेंगपेंड वैरण पचायलाही मदत करते. प्रथिनयुक्त लसूणघास भरपूर असेल, तर मात्र तीच पेंड अतिरेक ठरते. शिवाय आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात शेंगपेंडीला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष दुधात उतरते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात तिचा साठा करूच नये.

माझे मत असे की, व्याल्यापासून गाभण असल्याची खात्री होईपर्यंत सरकी पेंड आणि मका भरडा हा पाया ठेवावा, वाडे जास्त असल्यास त्यात थोडी शेंगपेंड मिसळावी, आणि गाभण ठरल्यावर स्वस्त पडेल ती पेंड वाढवावी. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. माज नियमित येऊनही गाय वारंवार उलटत (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत) असेल, तर सगळा दोष पेंडीवर टाकण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी आणि खनिज मिश्रण रोज मिळते का, तेही पाहावे.