योग्यकर्ता की सोलो : एकाच घराण्याचे दोन दरबार

मध्य जावामध्ये राजवाडा पाहण्यासाठी एकच दिवस हाती असला, तर बहुतेक प्रवाशांची पावले आपसूक योग्यकर्त्याकडे वळतात आणि तेथून साठेक किलोमीटरवरचे सुराकर्ता, म्हणजे लोकांच्या तोंडचे सोलो, राहून जाते. ही निवड चुकीचीच असते असे नाही. मात्र योग्यकर्त्याचा दरबार तो खरा आणि सोलोचा दुय्यम, अशा समजुतीतून ती केली असेल, तर इतिहास आधी पाहून घ्यावा. कारण थोरली पाती सोलोची आहे.

मताराम राज्याची कार्तासुरा ही राजधानी 1742 मध्ये बंडखोरांच्या हाती पडून लुटली गेली. अशा विटाळलेल्या जागी राहणे नको म्हणून दुसऱ्या पाकुबुवनाने 1745 मध्ये जवळच्या साला या गावी नवी राजधानी वसवली, तेच सुराकर्ता. त्याचा सावत्र भाऊ मांकुबुमी पुढे बंड करून उठला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मध्यस्थीने 13 फेब्रुवारी 1755 रोजी झालेल्या ग्यांतीच्या तहात राज्याची सरळ दोन शकले झाली. अर्धे सोलोच्या गादीवरील तिसऱ्या पाकुबुवनाकडे राहिले, तर अर्धे मांकुबुमीला मिळाले आणि तो पहिला हमेंकुबुवना म्हणून योग्यकर्त्यात सुलतान झाला. वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या कशा वेगळ्या झाल्या हे ठाऊक असलेल्या वाचकाला या वाटणीचे फारसे नवल वाटणार नाही. पुढे 1757 मध्ये सोलोत मांकुनगरन आणि 1813 मध्ये इंग्रजांच्या अमलाखाली योग्यकर्त्यात पाकु आलमन अशी एकेक धाकटी संस्थानेही निघाली.

नावांपाशी मराठी वाचक थोडा रेंगाळेलच. पाकुबुवना म्हणजे भुवनाचा खिळा, हमेंकुबुवना म्हणजे भुवनाला मांडीवर घेणारा, आणि मांकुनगरनच्या राजांचे नाव मांकुनगरा म्हणजे राज्य मांडीवर घेणारा. मतारामच्या सुलतान आगुंगने 1633 मध्ये इस्लामी चांद्रमास स्वीकारले, पण वर्षांची मोजणी मात्र चालत आलेल्या शकाचीच ठेवली, म्हणजे शके 1555 च्या पुढे. योग्यकर्त्याच्या वाड्यातील एका दरवाजावर शेपट्या एकमेकींत गुंतलेले दोन नाग कोरलेले आहेत, आणि ती नुसती सजावट नव्हे. ‘द्वि नाग रस तुंगल’ असे ते वाचायचे : दोन, आठ, सहा, एक. आकडे उलटे घेतले की जावानी वर्ष 1682 निघते, म्हणजे 1756. त्याच वर्षी पहिला हमेंकुबुवना या वाड्यात राहायला आला. पंचांगातील भूतसंख्या, म्हणजे शब्दांनी आकडे सांगण्याची रीत, ठाऊक असलेल्या माणसाला हे कोडे वाटाड्याशिवाय सुटते.

प्रत्यक्ष पाहणीत योग्यकर्त्याचे पारडे जड ठरते, आणि त्याचे कारण कलेपेक्षा राजकारणात आहे. 1945 मध्ये नवव्या हमेंकुबुवनाने विनाविलंब इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाची बाजू घेतली. जानेवारी 1946 पासून 1949 अखेरपर्यंत प्रजासत्ताकाची राजधानीही त्याच शहरात होती. त्या निष्ठेचे फळ म्हणून योग्यकर्त्याला विशेष प्रदेशाचा दर्जा मिळाला, आणि आजचे सुलतान दहावे हमेंकुबुवना हेच तेथील गव्हर्नर आहेत. सोलोत मात्र राजेशाहीविरुद्ध लोक उठले, 1946 मध्येच विशेष दर्जा गेला आणि दरबाराच्या हाती केवळ मान उरला. त्यात 31 जानेवारी 1985 च्या आगीत मुख्य दरबारी इमारती जळाल्या, आणि 2004 मध्ये बारावे पाकुबुवना वारल्यावर दोन सावत्र भावांनी गादीवर हक्क सांगितला. म्हणून योग्यकर्त्यात वाडा चालता-बोलता भासतो. पारंपरिक वेशातले सेवक कामात असतात, मंडपात गामेलान हा जावानी वाद्यमेळ वाजत असतो. सोलोच्या थोरल्या वाड्यात काही ठिकाणी उडालेला रंग डोळ्यांत भरतो. नगररचना पाहायची असेल तर तुलनाच नको : तुगू स्तंभ, राजवाडा आणि दक्षिणेकडचा क्राप्याक मनोरा यांना जोडणारा योग्यकर्त्याचा अक्ष 2023 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

ग्रंथांचा विषय निघाला की पारडे फिरते. जून 1812 मध्ये जावाचा तत्कालीन इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स याच्या आज्ञेने इंग्रज फौजेने, तीत बंगालचे हिंदी शिपाईही होते, योग्यकर्त्याचा वाडा फोडून लुटला आणि ग्रंथसंग्रह जवळजवळ रिकामा झाला. त्यातील 75 हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती 2019 मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडून योग्यकर्त्याला मिळाल्या. मूळ पोथ्या लंडनमध्येच आहेत. सोलोवर असा घाला पडला नाही. रांगावार्सिता (1802–1873) हा दरबारी कवींच्या परंपरेतला शेवटचा मोठा कवी सोलोचाच, 1890 मध्ये स्थापन झालेले राद्य पुस्तक संग्रहालयही तेथलेच, आणि मांकुनगरनच्या ग्रंथालयाचे रेक्सा पुस्तक हे नाव तर मराठी माणसाला फोड करून सांगायलाही नको. जावानी साहित्याचा अभ्यास करणाऱ्याने सरळ सोलोला मुक्काम ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नृत्य, बाटिक आणि वेश यांत मात्र एक मौजेची उलटापालट दिसते. वाटणीनंतर मांकुबुमीने जुनी मताराम पद्धत जपावी आणि सोलोने नवी घडवावी असे ठरले, अशी परंपरा सांगितली जाते. म्हणजे गादीने थोरला तो शैलीने नवा, आणि धाकटा तो जुना. योग्यकर्त्याचे नृत्य ताठ, रेखीव आणि कोनबद्ध असते, तर सोलोचे लवचिक आणि वाहते. योग्यकर्त्याच्या बाटिकमध्ये स्वच्छ पांढऱ्या जमिनीवर ठसठशीत नक्षी उठते. सोलोची जमीन सायीच्या रंगाची आणि नक्षी सोगानच्या तांबूस तपकिरी छटेत बुडालेली असते. माणूस कोणत्या दरबाराचा हे पाठमोरे पाहूनही कळते : योग्यकर्त्याच्या ब्लांगकोन टोपीला मागे गाठीसारखा उंचवटा असतो, सोलोची टोपी मागून सपाट असते.

सोलोच्या बेधाया केतावांग या नऊ नर्तिकांच्या नृत्याची ख्याती ऐकून कोणी निघणार असेल, तर ते वर्षातून एकदा, राज्याभिषेकाच्या वार्षिकदिनी, निमंत्रितांपुढे होते हे ध्यानात ठेवावे. त्याऐवजी मांकुनगरनचा प्रशस्त मंडप चुकवू नये. त्याच्या छताच्या नक्षीला कुमुदवती म्हणतात, आणि तिच्यातील प्रत्येक रंग एकेका दोषापासून राखतो अशी समजूत आहे. पिवळा म्हणे झोपेपासून. दुपारच्या उकाड्यात त्या गार फरशीवर बसल्यावर पिवळा रंग थोडा कमीच वापरला गेला असावा, असे वाटते.

तेव्हा पहिलीच खेप असेल, सोबत मुले असतील आणि एकच दिवस असेल, तर योग्यकर्ता घ्यावे. बाटिक, पोथ्या किंवा नृत्यशैली यांपैकी कशात खरा रस असेल, तर सोलोत दोन रात्री द्याव्यात आणि थोरल्या वाड्याआधी मांकुनगरन पाहावे. दोन्ही शहरांमध्ये लोकल गाडी धावते, प्रंबाननची मंदिरे वाटेवरच आहेत, त्यामुळे दोन दिवस असतील तर निवड करण्याचे कारणच उरत नाही. आणि उरलेली सकाळ योग्यकर्त्याच्या दक्षिणेकडील इमोगिरी टेकडीसाठी ठेवावी. शेकडो पायऱ्या चढून गेल्यावर मध्ये सुलतान आगुंगची कबर लागते; एका अंगाला सोलोचे राजे आहेत, दुसऱ्या अंगाला योग्यकर्त्याचे, आणि आत जायचे असेल तर दोन्हीकडे जावानी दरबारी वेशच घालावा लागतो.