राजारामपुरीतला आमचा फायबरवाला: पाचपैकी साडेचार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांसाठी मी कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, ड्रॉइंग करते आणि ती मंजूर करणारे इंजिनिअर जर्मनीत बसतात. नेट बंद म्हणजे काम बंद. म्हणून फायबर केबलने नेट देणाऱ्या या छोट्या फायबरवाल्यांबद्दल मुद्दाम लिहितेय.

स्पीड ठरल्याप्रमाणे मिळतो, दर बरा आहे. पण त्यांची खरी किंमत कळली ती 2025 च्या अनंत चतुर्दशीला. 6 सप्टेंबर, इकडे महाद्वार रोडवर मिरवणूक आणि तिकडे लाल समुद्रात जेद्दाजवळ इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबल तुटल्या: सी-मी-वी 4 आणि आयएमईडब्ल्यूई. दोन्ही मुंबईहून इजिप्तमार्गे फ्रान्सच्या मार्सेलला जाणाऱ्या. सोमवारी मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला, मॉडेल उघडेना. घरी एका मोठ्या कंपनीचं वेगळं कनेक्शन आहे. त्यांच्या हेल्पलाइनचं एकच पालुपद, राऊटर बंद करून चालू करा.

फायबरवाल्यांकडचा पोरगा मात्र लॅपटॉप घेऊन आला, ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी तपासणी) लावला. "ताई, मुंबईपर्यंत सगळं ओके हाय. पुढं समुद्रात घोळ झालाय." मग यूट्यूब कसं चालतंय? तर त्याच्या व्हिडिओंच्या प्रती देशातल्याच सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, जर्मनीचा सर्व्हर मात्र समुद्र ओलांडूनच गाठावा लागतो. त्यांनी वरच्या पुरवठादाराच्या (ज्याच्याकडून ते स्वतः नेट घेतात) मागे लागून आमचा नेटचा ट्रॅफिक सिंगापूरकडून वळवून घेतला. फायबरच्या काचेतून डेटा नेणारा प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तरी वाट लांबली की उशीर होणारच. पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायचा वेळ, वाढला, पण आवाज तुटायचा थांबला. मला तेवढं पुरे होतं.

त्यांचं स्प्लाइसिंग, म्हणजे फायबरचे तंतू जोडणं, बघण्यासारखं असतं. जिन्यात मांडी घालून तो पोरगा 0.125 मिलिमीटरचा तंतू अल्कोहोलने पुसतो, क्लीव्हर नावाच्या कटरने कापतो, मशीनच्या स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आणतो. ठिणगी पडते, सांधा एकजीव. समुद्रातल्या केबलचीही तुटकी टोकं जहाजावर ओढून घेऊन तंतू असेच जोडतात, फक्त नंतर तो सांधा खोल पाण्याचा दाब सोसेल असा बंद करावा लागतो. हे त्यानेच सांगितलं, आणि किती आवडीने!

अर्धा गुण कापला तो पावसाळ्यासाठी. पोलवरची वायर तुटली की माणूस यायला दुसरा दिवस उजाडतो.

परदेशी गिऱ्हाईक असेल तर कनेक्शन घेताना एमबीपीएसच्या (स्पीडच्या आकड्याच्या) आधी विचारा, युरोपचा ट्रॅफिक कुठल्या वाटेने जातो आणि ती बंद पडली तर दुसरी कोणती. यांच्याकडे उत्तर तयार असतं.